जपानच्या जागी रशिया वाचा

लेनिनने ‘साम्राज्यवाद’ १९१६ साली झुरिकमध्ये लिहिलं. झारच्या सेन्सॉरमुळे त्याने रशियाऐवजी जपानचं उदाहरण घेतलं आणि १९१७च्या प्रस्तावनेत वाचकांना सांगितलं, जपानच्या जागी रशिया वाचा. आजही नावं बदलून हे पुस्तक वाचता येईल?

बरंचसं येतं. मक्तेदारी आणि सरकार हातात हात घालून चालतात, हा त्याचा मुद्दा चिपच्या धंद्यात स्पष्ट दिसतो. सर्वांत प्रगत चिपसाठी लागणारी ईयूव्ही यंत्रं फक्त नेदरलँड्सची एएसएमएल विकते. एनव्हिडिया चिप डिझाइन करते, बनवते तैवानची टीएसएमसी. तरीही ऑक्टोबर २०२२मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिप विकण्यावर निर्बंध घातले, तेव्हा अमेरिकी तंत्रज्ञान वापरून परदेशात बनलेल्या चिपही त्यात आल्या.

इथेच पुस्तक अपुरं पडतं. लेनिनचा नकाशा वसाहतींचा आहे. इथे इंचभर जमीन न घेता नुसत्या परवानगीवर ताबा ठेवलाय. कोड लिहिणाऱ्याला हे पटकन कळेल: मशीन कुणाकडे आहे यापेक्षा ॲक्सेस कोण देतं, हे महत्त्वाचं.

लेनिनला ही भांडवलशाही मरणपंथाला लागलेली वाटली. तो अंदाज फसला. पण मक्तेदारीमागे कुठलं सरकार उभं आहे, हा त्याचा प्रश्न अजून जुना झालेला नाही.