सुशोभीकरण, नूतनीकरण, मजबुतीकरण : संरक्षित घराच्या बाह्यांगविषयक परिभाषेची चिकित्सा

जुनी वास्तू संरक्षित म्हणून घोषित झाली, की तिच्या भिंतींइतकाच तिच्याविषयीच्या शब्दांचाही प्रश्न निर्माण होतो. मालक अर्ज करतो, अभियंता अंदाजपत्रक तयार करतो, अधिकारी परवानगी देतो अथवा नाकारतो. ही सर्व कामे दुरुस्ती, जीर्णोद्धार, नूतनीकरण, सुशोभीकरण, मजबुतीकरण अशा काही ठरावीक शब्दांच्या आधारे चालतात आणि व्यवहारात हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास योजले जातात. वस्तुतः ते पर्यायी शब्द नव्हेत. प्रत्येकाच्या पोटात वास्तूविषयी एकेक गृहीत विधान दडलेले आहे. बाह्यांगातील बदलास अनुमती द्यावी की नाही, ह्याचा निर्णय त्या विधानाच्या खरेखोटेपणावरून व्हावा, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. उदाहरणे धाराशिव जिल्ह्यातील घेतली आहेत. कारण ह्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ अभिरुचीचा राहिलेला नाही, तो जीवितरक्षणाचाही आहे.

प्रथम कायद्याची भाषा पाहू. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय अधिनियमात संरक्षित स्मारक नष्ट करणे, हलविणे, त्याला इजा पोहोचविणे, त्यात बदल करणे व ते विद्रूप करणे ही सर्व कृत्ये एकाच ओळीत दंडनीय ठरविली आहेत. म्हणजे ‘बदल’ हा शब्द तेथे ‘नाश’ आणि ‘विद्रूपीकरण’ ह्यांच्या पंक्तीला बसला आहे. त्याच अधिनियमात स्मारक ‘राखणे’ ह्या क्रियेत कुंपण घालणे, आच्छादन करणे, दुरुस्ती करणे, पूर्ववत करणे व स्वच्छ करणे ह्या गोष्टींचा समावेश केला आहे. पुढे २०१० च्या दुरुस्तीने स्मारकाभोवतीचे १०० मीटरचे क्षेत्र प्रतिषिद्ध व त्यापलीकडील २०० मीटरचे क्षेत्र विनियमित ठरले. तेथील इमारतींच्या संदर्भात दुरुस्ती व नूतनीकरण म्हणजे विद्यमान इमारतीतील बदल, मात्र बांधकाम वा पुनर्बांधकाम नव्हे, अशी व्याख्या देण्यात आली. एके ठिकाणी बदल हा अपराध, तर दुसऱ्या ठिकाणी दुरुस्तीची व्याख्याच बदल! पहिले विधान स्मारकाविषयी व दुसरे भोवतालच्या इमारतींविषयी असल्यामुळे कायदेपंडितास ह्यात विसंगती दिसणार नाही. परंतु कोणत्या लक्षणावरून एक बदल दुरुस्ती ठरतो आणि दुसरा इजा ठरतो, हे दोन्ही विधानांतून कळत नाही, ही उणीव शिल्लक राहतेच. मुंबईच्या १९९५ च्या वारसा-नियमावलीने वास्तूंच्या तीन श्रेणी करून प्रत्येक श्रेणीला बदलाची निराळी मर्यादा घालून दिली, हे एक पाऊल पुढे होय. तथापि तेथेही वर्गीकरण आहे ते वास्तूंचे, बदलांचे नव्हे.

बदलांचे वर्गीकरण करावयाचे तर त्याची साधने आपल्या भाषेतच आहेत. ‘सुशोभीकरण’, ‘नूतनीकरण’ ह्या शब्दांची घडण संस्कृतातील च्वि-प्रत्ययान्त रूपांची आहे. पाणिनीच्या सूत्रावरील (५.४.५०) वार्तिकात ह्या प्रत्ययाचा अर्थ ‘अभूततद्भाव’ असा सांगितला आहे. जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे, हा त्याचा आशय. ‘शुक्लीकरण’ म्हटले की वस्तू आधी शुभ्र नव्हती हे न बोलता मान्य केलेले असते. ह्या न्यायाने ‘सुशोभीकरण’ म्हणणारा ती वास्तू पूर्वी शोभिवंत नव्हती असे गृहीत धरतो, आणि ‘नूतनीकरण’ म्हणणारा जुनेपण हाच तिचा दोष मानतो. ज्या घराला त्याच्या जुनेपणासाठी संरक्षण मिळाले, त्याच्या नूतनीकरणाचा प्रस्ताव हा म्हणूनच संरक्षणाच्या हेतूचाच निषेध ठरतो. ‘मजबुतीकरण’ हा अरबी मुळाचा व संस्कृत प्रत्ययाचा संकर होय. त्यातील ईकार च्वि-प्रत्ययाचा मानावा की ‘मजबुती’ ह्या नामाचा, ह्याविषयी मतभेद संभवतो. तथापि ‘घर पुरेसे मजबूत नाही’ हे गृहीत दोन्ही विग्रहांत कायम राहते.

ह्या तीन गृहीतांपैकी कोणते खरे, हे शब्दावरून कळत नाही. ते वस्तुस्थितीवरून पाहावे लागते. धाराशिव जिल्ह्यापुरते पाहिल्यास मजबुतीकरणाचे गृहीत दुर्दैवाने सिद्ध झालेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. लातूर जिल्ह्यातील किल्लारीप्रमाणेच आपल्याकडील सास्तूरचीही अपरिमित हानी झाली. ह्या भागातील परंपरागत घर म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर लाकूड व माती ह्यांचे माळवद. भिंतीच्या आतील व बाहेरील थरांना सांधणारे आरपार दगड बहुधा नसत. त्यामुळे हादऱ्यासरशी दोन्ही थर विलग झाले आणि वरचा भार खाली आला. माळवद ज्या घरांत लाकडी खांबांवर स्वतंत्रपणे पेललेले होते, त्यांपैकी अनेक घरांत भिंती ढासळल्या, पण लाकडी सांगाडा उभा राहिला, ही गोष्टही अभ्यासकांनी नोंदविलेली आहे.

येथे एका समजाची तपासणी करणे अगत्याचे आहे. जुन्या घराला त्याच्या परंपरागत निगेवर सोडावे, म्हणजे ते सुरक्षित राहील, असे आपण मानतो. सारवणे, लिंपणे, शाकारणे ही क्रियापदे ह्या निगेचीच द्योतक होत. त्यांचा अर्थ एकदा करून संपत नाही, ऋतुमानाप्रमाणे पुन्हा पुन्हा पुरा करावा लागतो. अशा निगेलाही दर वेळी परवानगीची अट घातली तर मातीचे घर एका पावसाळ्यात गळू लागेल, हे खरे. परंतु माळवद गळू नये म्हणून वर्षानुवर्षे त्यावर नवी माती टाकण्याची जी रीत होती, तिनेच छताचा भार वाढत गेला, हेही तितकेच खरे. तेव्हा निगा परंपरेची आहे एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाही. तिचेही गृहीत तपासलेच पाहिजे.

भूकंपानंतर घरे सबळ करण्याचे जे उपाय सांगण्यात आले, त्यांत माळवदावरील माती कमी करणे, भिंतीला ठराविक अंतरावर आरपार सांधे देणे आणि भिंतीभोवती पोलादी जाळीचा पट्टा बसविणे हे प्रमुख होते. ह्यांपैकी जाळीचा पट्टा तर बाह्यांगात उघड दिसतो. संरक्षित घराच्या बाबतीतही अशा बदलास नकार देणे मला अयोग्य वाटते. मात्र मजबुतीकरणाच्या नावाखाली दगडी दर्शनी भिंतीवर गिलावा चढविणे अथवा चकचकीत फरश्या बसविणे ही निराळी गोष्ट आहे. फरशीने भिंतीचे दोन थर सांधले जात नाहीत. तेथे शब्द मजबुतीकरणाचा असतो आणि काम सुशोभीकरणाचे असते.

गृहीत खरे ठरले तरी बदल कसा करावा हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर ह्याच जिल्ह्यातील तेरच्या त्रिविक्रम मंदिरात मिळते. विटांची, मागील बाजूस अर्धगोल असलेली आणि गजपृष्ठाकार छताची ही वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह असावी, असे हेन्री कझिन्स ह्यांनी पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात मांडले. हे मत निर्विवाद नसले तरी बहुमान्य आहे. वास्तूच्या पुढे सपाट छताचा मंडप नंतर जोडलेला आहे. बाह्यांगातील बदल ह्याहून मोठा तो कोणता? परंतु जोडणाऱ्यांनी मागील छत झाकले नाही, मंडपाला त्याचे सोंगही दिले नाही. दोहोंमधील सांधा स्पष्ट राहिला, म्हणून कित्येक शतकांनंतर अभ्यासकास मूळ वास्तू ओळखता आली. आज कोणी ‘मूळ रूपा’च्या आग्रहाने तो मंडप काढू म्हणेल, तर तोही विध्वंसच होईल. १९६४ च्या व्हेनिस सनदेने सर्व कालखंडांतील भरीचा आदर राखावा आणि नवा भाग जुन्याशी सुसंवादी, तरीही त्याहून ओळखू येईल असा असावा, ही तत्त्वे मान्य केली. तेरच्या मंडपात ती सनदेच्या कितीतरी आधी आचरणात आलेली दिसतात.

‘जीर्णोद्धार’ ह्या शब्दाचा पक्ष घेऊन कोणी आक्षेप घेईल, की आपल्या परंपरेत वास्तूचे सातत्य तिच्या द्रव्यात नसून उपयोगात मानलेले आहे. देवालय पूजेस योग्य झाले की उद्धार साधला. देवालयापुरता हा युक्तिवाद वजनदार आहे. घराला तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. संरक्षित घराचे मोल त्यात पुन्हा राहता यावे एवढ्यातच सामावलेले नसते. लोक कसे राहत, कोणत्या द्रव्याने व कोणत्या कसबाने बांधत, ह्याचा ते पुरावा असते. पुरावा नव्याने लिहून काढला, की तो पुरावा राहत नाही.

ह्या विवेचनावरून एक व्यावहारिक सूचना करता येईल. बाह्यांगातील बदलाच्या प्रत्येक अर्जात कामाच्या नावाखाली त्याचे गृहीत लिहिणे बंधनकारक असावे. घर दुबळे आहे तर कोठे, भिंत फुगली आहे तर किती, आणि सुचविलेल्या कामाने तो दोष कसा दूर होईल, हे तेथे मांडलेले असावे. गृहीत सिद्ध झाले, तर नव्याजुन्याचा सांधा ओळखू येईल अशा रीतीने अनुमती द्यावी. सिद्ध न झाल्यास काम कितीही शोभिवंत असले तरी ते नाकारावे. तथापि ह्यासाठी परिभाषा आधी निश्चित हवी. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने अनेक शास्त्रांचे परिभाषाकोश मराठीस दिले आहेत. वास्तुजतनाच्या ह्या पाचसात शब्दांचे अर्थ एकमेकांपासून वेगळे करून देणे हे काम त्या मानाने लहान आहे. मराठी व भाषाशास्त्र ह्या विभागांतील संशोधक विद्यार्थ्यांनी जिल्ह्यातील गवंडी व सुतार ह्यांच्या बोलीतील शब्द गोळा करून त्यास हातभार लावावा. माळवद बांधणारे हात कमी होत चालले आहेत, आणि त्यांच्याबरोबर ते शब्दही.