धनुष्याच्या टप्प्यातील अरण्य : सॅक्सटन पोप यांच्या शिकारग्रंथाचे पुनर्वाचन

धनुष्यबाणाने करावयाच्या शिकारीविषयीचे आधुनिक वाङ्मय प्रामुख्याने अमेरिकेत निर्माण झाले. मॉरिस थॉम्सन यांचा ‘द विचरी ऑफ आर्चरी’ (१८७८) आणि डॉ. सॅक्सटन पोप यांचा ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ (१९२३) हे या परंपरेतील दोन आधारग्रंथ होत. अशा शिकारीसाठी सर्वांत रमणीय राने कोणती, हा प्रश्न या वाङ्मयात पहिल्यापासून आहे. थॉम्सन यांच्या लेखनात फ्लोरिडाचे पाणथळ प्रदेश येतात, तर पोप यांच्या लेखनात कॅलिफोर्नियातील दऱ्याखोरी आणि यलोस्टोनचे डोंगर. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकार हा छंद उरलेला नाही. त्यामुळे मराठी वाचकाच्या दृष्टीने हे ग्रंथ मार्गदर्शक नसून केवळ वाङ्मय आहेत. या वाङ्मयात रान ‘सुंदर’ कशामुळे ठरते, आणि ते सुंदर ठरण्यासाठी त्यातून कोणाला वगळावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात पोप यांच्या ग्रंथाच्या आधारे करावयाचा आहे.

प्रथम या लेखनाचा गुण मान्य केला पाहिजे. बंदूकवाला शिकारी जनावर दुरून टिपतो. त्याच्या वर्णनात रान हे बहुधा पार्श्वभूमीपुरते असते. धनुर्धाऱ्याला मात्र सावजाच्या तीस-चाळीस पावलांच्या आत जावे लागते. वारा कोणत्या दिशेचा आहे, पायाखालची पाने ओली आहेत की कोरडी, हरिण कोणत्या वाटेने पाण्यावर उतरते, हे त्याला कळावेच लागते. साधनाची मर्यादा ही येथे निरीक्षणाची शक्ती होते. पोप यांचे निसर्गवर्णन अनेक ठिकाणी जिवंत उतरते ते शैलीच्या बळावर नव्हे; बाणाचा टप्पाच त्यांना रानाच्या जवळ नेतो.

ही जवळीक पोप शिकले कोणाकडून? ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात त्याचे उत्तर आहे. २९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकाकी माणूस सापडला. तो याही जमातीचा अखेरचा माणूस मानला गेला. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटले. त्याच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘माणूस’. स्वतःचे खरे नाव त्याने कधीच सांगितले नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याची राहण्याची सोय झाली. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक म्हणजे पोप. ते त्याचे डॉक्टर झाले, मग मित्र आणि शेवटी शिष्य.

इशीविषयीची सुरुवातीची प्रकरणे संपूर्ण ग्रंथात श्रेष्ठ आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्युनिपरच्या लाकडाचे, पाठीवर स्नायुतंतू चिकटवलेले धनुष्य. हेझलच्या काड्यांचे बाण. ऑब्सिडियन या काळ्या ज्वालामुखी काचेची आणि प्रसंगी बाटलीच्या काचेचीही टोके, हे सारे पोप वैद्याच्या नेमकेपणाने नोंदवतात. शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासे खात नसे, तंबाखूचा वास अंगाला लागू देत नसे. सकाळी आपादमस्तक स्नान करून, चूळ भरून, उपाशीपोटी निघे. आपल्याकडील वाचकाला येथे एखाद्या व्रताची आठवण झाल्यास नवल नाही. पण इशीचे कारण सरळ होते : हरणाला वास येतो. पवित्र आणि व्यवहार्य यांत जेथे अंतर पडलेले नाही असे हे जग आहे, आणि पोप यांच्या निवेदनात ते कोणत्याही भाष्याविना उतरले आहे.

१९१४ च्या मे महिन्यात क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोप यांचा लहान मुलगा इशीला घेऊन त्याच्या जुन्या प्रदेशात, डियर क्रीकच्या खोऱ्यात गेले. पोप यांच्या दृष्टीने तो रम्य वनविहार होता : पोहणे, शिकार, शेकोटी. थिओडोरा क्रोबर यांनी ‘इशी इन टू वर्ल्ड्स’ (१९६१) मध्ये नोंदवले आहे की इशी या प्रवासाला सहजासहजी तयार नव्हता. त्याचे कारण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. १८४८ च्या सुवर्णशोधानंतर आलेल्या वसाहतवाल्यांनी याच दऱ्यांतून याहींची कत्तल केली होती. उरलेली मोजकी माणसे कित्येक दशके लपून राहिली. त्यांच्या एका वस्तीच्या नावाचा अर्थच ‘ग्रिझली अस्वलाची लपण्याची जागा’ असा होता. १९०८ साली सर्वेक्षकांना ती वस्ती सापडली आणि त्यांनी तेथील धनुष्यबाण, टोपल्या, अवजारे आठवण म्हणून उचलून नेली. ज्या जागेचे सौंदर्य पोप उपभोगत होते ती इशीच्या माणसांची मरणभूमी होती.

पोप हा इतिहास लपवीत नाहीत, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. गोऱ्यांच्या क्रौर्याचा उल्लेख त्यांनी केलेलाच आहे. आक्षेप वेगळा आहे : तो इतिहास पहिल्या प्रकरणातच राहतो. पुढे धनुष्य कसे करावे, बाण कसे करावे आणि कोणते जनावर कसे मारावे, अशी प्रकरणे येतात आणि रान क्रमाने निर्मनुष्य होत जाते. १९२० साली पोप आणि आर्थर यंग यांनी संग्रहालयासाठी नमुने हवेत म्हणून खास परवानगी घेऊन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ग्रिझली अस्वले मारली. हे प्रकरण थरारक आहे आणि वर्णनदृष्ट्या समर्थही. परंतु याच डोंगरांत शोशोनींपैकी तुकुडिका लोक राहत असत आणि रानमेंढ्यांच्या शिंगांपासून स्नायुतंतूंच्या पाठीची उत्तम धनुष्ये घडवीत असत. १८७२ साली उद्यान झाल्यावर त्याच दशकात त्यांना तेथून हलवण्यात आले. धनुष्याच्या अभ्यासकाने धनुष्यकारांच्याच भूमीत केलेली ही शिकार. पण ती माणसे त्या कथेत पात्र म्हणून उभी राहत नाहीत.

येथे एकलव्याची आठवण अपरिहार्य आहे, परंतु उलट्या क्रमाने. वनवासी हा गुरू आणि नागर हा शिष्य. अंगठा कोणी मागितला नाही. मात्र १९६१ साली अमेरिकेत धनुर्धारी शिकाऱ्यांची जी प्रतिष्ठित संस्था स्थापन झाली तिला नाव मिळाले पोप आणि यंग यांचे.

‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकाशी तुलना केली तर हा फरक अधिक स्पष्ट होतो. किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’मुळे मराठी रसिकाला हे कथानक रंगभूमीवरूनही परिचित आहे. दुष्यंताचा बाण सुटणार, इतक्यात तपस्वी आडवा येतो आणि हे आश्रमाचे हरिण आहे, असे सांगतो. कालिदासाचे अरण्यही रमणीयच आहे, किंबहुना अधिक. पण ते कोणाचे तरी आहे, आणि राजाला बाण परत घ्यावा लागतो. आश्रमसंस्कृतीचे हे चित्र आदर्शीकृत आहे, हे खरेच. तरीही नाटकाची सुरुवातच ‘थांब’ म्हणणाऱ्या माणसापासून होते. पोप यांच्या रानात असा माणूस होता. तो त्यांच्याबरोबरच चालत होता. पण ग्रंथाने त्याला थांबवणाऱ्याची नव्हे, शिकवणाऱ्याची भूमिका दिली.

आल्डो लिओपोल्ड यांच्यासारखा सूक्ष्म विचारवंतही यातून सर्वस्वी सुटत नाही. त्यांच्या प्रयत्नाने १९२४ साली न्यू मेक्सिकोतील गिला हे पहिले संरक्षित निबिड अरण्य घोषित झाले. पुढे ते स्वतः धनुष्य घेऊन गिलाच्या डोंगरांत शिकारीला गेले. तो अपाची लोकांचा मुलूख होता.

इशी २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने वारला. डियर क्रीकच्या परिसरातील सुमारे एक्केचाळीस हजार एकर भूमी १९८४ साली ‘इशी वाइल्डरनेस’ म्हणून राखीव करण्यात आली. तेथे परवाना घेऊन शिकार करता येते. मृत्यूनंतर काढून घेतलेला त्याचा मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत ठेवलेला होता. २००० साली तो आणि त्याच्या अस्थी त्याच्या आप्तजमातींच्या स्वाधीन करण्यात आल्या. त्यांनी त्या त्याच्या मूळ मुलखात पुरल्या. ती जागा कोणती, हे त्यांनी जाहीर केलेले नाही.