मण्यासाठी मल्लयुद्ध : ‘पॉवर स्टोन’

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस चंद्रदर्शन घडल्यास स्यमंतक मण्याची कथा ऐकावी, असा आपल्याकडे प्रघात आहे. त्या कथेतील मणी कोणाच्याच हाती स्थिर राहत नाही. सत्राजिताकडून तो प्रसेनाकडे, प्रसेनास मारणाऱ्या सिंहाकडे, सिंहास मारणाऱ्या जांबवंताकडे असा फिरत राहतो. जांबवंत तर तो आपल्या मुलास खेळावयास देतो! पुढे त्याच मण्यापायी श्रीकृष्ण व जांबवंत यांचे अठ्ठावीस दिवस द्वंद्व चालल्याचे भागवत सांगते. मणी कोणाचा, या प्रश्नापेक्षा मण्यापायी कोण कसा वागला, हा प्रश्नच कथेत मोठा ठरतो.

जपानच्या कॅपकॉम कंपनीने 1999 साली प्रसिद्ध केलेला ‘पॉवर स्टोन’ हा व्हिडिओ खेळ पाहताना या कथेचे स्मरण व्हावे, यात नवल नाही. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. साम्य आहे ते केवळ कल्पनेचे. दोन योद्धे आखाड्यात उतरतात. प्रत्येकापाशी आरंभी एकेक रत्न असते; तिसरे थोड्या वेळाने आखाड्यात प्रकट होते. तिन्ही रत्ने ज्याच्या हाती येतील त्याचे रूप पालटते व त्याच्या अंगी अचाट सामर्थ्य संचारते. परंतु जबर तडाखा बसला की हातचे रत्न निसटून भूमीवर पडते आणि ते कोणीही उचलावे. रूपांतर झालेल्या वीराचे सामर्थ्यही क्षणोक्षणी ओसरत जाते व ते संपताच रत्ने पुन्हा विखुरतात.

या एका नियमात खेळाचे सारे मर्म साठविले आहे. याच कंपनीच्या 1991 मधील ‘स्ट्रीट फायटर 2’ या सुप्रसिद्ध खेळात ज्याचे बळ त्याच्याच अंगी असते. येथे बळ हे अंगचे नसून भूमीवर पडलेले आहे. ते मिळते आणि जाते. त्यामुळे मार खाणाऱ्याची आशा सुटत नाही आणि मारणाऱ्यास निर्धास्त होता येत नाही. रूपांतर होताच दुर्बळ पक्षास काही काळ पळ काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही, हा दोष खरा. तथापि तो काळ मोजका असतो, हेही तितकेच खरे.

दुसरा विशेष आखाड्याचा. वरील जुन्या खेळात पाठीमागील देखावा बहुतांशी रंगविलेल्या पडद्यासारखा असे. ‘पॉवर स्टोन’मध्ये योद्धा चहूंकडे मोकळा वावरतो, मेज उचलून फेकतो, खांबाला धरून गरगर फिरत लाथ हाणतो, पेटीतून निघालेली तलवार वा बाँब हाती घेतो. आपल्या दशावतारी नाटकात एकच बाकडे प्रसंगानुरूप निरनिराळी रूपे घेते. वस्तूचा अर्थ ती वापरणाऱ्यावर अवलंबून असतो. तोच न्याय येथे दिसतो. मेज हे मेज राहते ते कोणी उचलीपर्यंतच!

पात्रयोजनेविषयी मात्र इतके समाधान वाटत नाही. कथेचा काळ एकोणिसाव्या शतकासारखा, आणि पात्रे देशोदेशींच्या ठरीव साच्यांतून काढलेली : वैमानिक, सामुराई, कुंगफूपटू, अग्नीशी खेळणारी नर्तकी. अमेरिकेतील आदिवासी योद्ध्याचे गालुडा हे नाव तर जपानी लिपीत गरुडाच्या नावाप्रमाणेच लिहिले जाते. आणि या नावाचा त्या लोकांशी काय संबंध, याचा उलगडा होत नाही. नावे जगाच्या बाजारातून उचलली, अर्थ मात्र तेथेच राहिले, असे म्हणणे प्राप्त आहे.

सन 2000 मधील दुसऱ्या भागात एकाच वेळी चौघे लढू शकतात आणि आखाडे स्वतःच हालू लागतात. आकाशातील विमान मोडते व योद्धे लढत लढतच खाली कोसळतात. हा भाग अधिक रंजक आहे, अशी अनेकांची आवड. आमचे मत निराळे आहे. तेथे भूमी इतकी गडबड करते की रत्न कोणाकडे गेले, हे पाहण्यास उसंतच मिळत नाही. पहिल्या भागात भूमी ही साथीदार होती. दुसऱ्या भागात तीच नायक होऊन बसली. साथ कितीही बहारीची असली तरी तिने गाणे झाकून टाकू नये.

ज्या सेगा ड्रीमकास्ट यंत्रावर हा खेळ घरोघरी पोहोचला, त्याचे उत्पादन 2001 मध्ये बंद पडले. पुढे 2006 साली दोन्ही भाग सोनीच्या पीएसपी या हातयंत्रावर एकत्र आले आणि 2025 मध्ये कॅपकॉमच्या संग्रहातून सांप्रतच्या यंत्रांवर ते पुन्हा अवतरले. तेव्हा आजच्या मुलांसही ते खेळणे शक्य आहे.

मारामारीच्या खेळांनी मुलांची मने बिघडतात, ही वडीलधाऱ्यांची तक्रार आम्ही हसण्यावारी नेत नाही. केवळ लोळविण्याचा आनंद देणारे खेळ विपुल आहेत. परंतु दोघे भाऊ शेजारी बसून हा खेळ खेळत असतील, तर त्यांना उठविण्यापूर्वी वडिलांनी घटकाभर पाहावे. आता ज्याच्या हाती तिन्ही रत्ने आहेत, त्याचे हात लवकरच रिकामे होणार आहेत. चतुर्थीच्या कथेत आपण हेच ऐकत आलो. मुले ते येथे प्रत्यक्ष अनुभवतात, आणि हरलेला भाऊ हसत दुसरा डाव मागतो. एवढे ज्या खेळाने साधले, त्यास निव्वळ मारामारी म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते.