छापलेला आकडा आणि ऐकू आलेला सूर

ध्वनीचे प्रकरण शिकवताना आपण नादकाटा वाजवून दाखवतो आणि फळ्यावर एक तरंग काढतो. त्या आवाजाचा आणि त्या तरंगाचा संबंध विद्यार्थ्याने बहुधा विश्वासानेच मान्य करायचा असतो. हा संबंध आकड्यांत तपासून पाहू देणारी एक जुनी संगणक-आज्ञावली आहे. तिचे नाव सीसाउंड. ती फुकट मिळते आणि साध्या संगणकावरही चालते. तिच्यातील आकडे छापून दाखवण्याच्या सोयी शिक्षकाच्या कितपत कामाच्या आहेत, एवढ्याच अंगाने येथे तिचे परीक्षण करायचे आहे.

सीसाउंडचे घराणे जुने आहे. १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या संगणकाकडून सूर निर्माण करून घेतले. त्यासाठी लिहिलेल्या 'म्युझिक' या आज्ञावलीच्या पुढे अनेक पिढ्या झाल्या. १९८६ साली एमआयटी या संस्थेत बॅरी व्हर्को यांनी तिची नवी पिढी सी या संगणकभाषेत लिहिली, म्हणून नाव सीसाउंड. यात वापरणारा दोन गोष्टी लिहितो. वाद्य कसे आहे याचे वर्णन म्हणजे 'ऑर्केस्ट्रा' आणि कोणता सूर कधी वाजवायचा याची यादी म्हणजे 'स्कोर'.

सीसाउंडचे खरे वैशिष्ट्य तिच्या तीन गतींत आहे. काही राशी सूर सुरू होताना एकदाच ठरतात. त्यांच्या नावापुढे 'आय' हे अक्षर लागते. काही ठराविक अंतराने बदलतात. त्यांना 'के' लागते. आणि प्रत्यक्ष ध्वनीचे नमुने 'ए' गतीने निघतात. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि दर १० नमुन्यांचा एक गट धरला, तर 'के' राशी सेकंदाला ४,४१० वेळा बदलते.

आता छपाईकडे वळू. येथे छपाई म्हणजे पडद्यावर आकडे उमटवणे. मूळची 'प्रिंट' ही आज्ञा फक्त 'आय' राशी छापते. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील रॉबिन व्हिटल यांनी 'प्रिंटके' आणि 'प्रिंटकेएस' या आज्ञांची भर घातली. त्या 'के' राशी ठराविक अंतराने छापत राहतात. भर लहान वाटते, पण वर्गाच्या दृष्टीने मोठी आहे. का, ते एका अनुभवावरून सांगतो.

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही ४४० हर्ट्‌झचा सूर घेतला आणि त्याला सेकंदाला ५ वेळा, १० हर्ट्‌झने वरखाली असा कंप दिला. वारंवारता छापायला 'प्रिंट' वापरले, तर आज्ञावलीने चूक दाखवली, कारण राशी 'के' होती. एका शिक्षकाने ती 'आय' मध्ये रूपांतरित करून चूक घालवली. पडद्यावर उमटले शून्य. सूर मात्र छान थरथरत ऐकू येत होता. बसलेल्यांपैकी निम्म्यांनी निष्कर्ष काढला की आज्ञावली बिघडली आहे, आणि उरलेल्यांनी की आपले सूत्र चुकले आहे. ऐकलेल्या सुरावर भरवसा कोणीच ठेवला नाही. उत्तर मलाही लगेच सुचले नाही. खरे कारण असे की सूर सुरू होण्याच्या क्षणी 'के' राशीचे गणित अजून झालेलेच नसते. शून्य हा आकडा खोटा नव्हता. तो चुकीच्या क्षणाचा होता.

मग आम्ही 'प्रिंटके' वापरले आणि अंतर ०.०५ सेकंद दिले. पडद्यावर साधारण ४४०, ४५०, ४४०, ४३० असे आकडे फिरू लागले. कंप डोळ्यांना दिसला. नंतर अंतर ०.२ सेकंद केले. आता प्रत्येक ओळीत जवळजवळ ४४० च! कंप तर कानाला पूर्वीसारखाच ऐकू येत होता. एका आंदोलनाला ०.२ सेकंद लागतात आणि आपण नेमके त्याच अंतराने पाहत होतो. त्यामुळे दर वेळी तीच स्थिती दिसली. वेगाने होणाऱ्या बदलाची नोंद करायची तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा पाहावे लागते, हा नमुने घेण्याचा मूलभूत नियम आहे. इतक्या थोडक्यात तो पटवून देणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

सीसाउंडचा शेवटचा अहवालही असाच उपयोगी आहे. मर्यादेबाहेर किती नमुने गेले, हे ती आपणहून छापते. १६ बिटांच्या ध्वनीत आयामाची कमाल मर्यादा ३२,७६७. प्रत्येकी १२,००० आयामाचे तीन सूर एकत्र आले की बेरीज ३६,००० पर्यंत जाऊ शकते. तरंगाचे माथे कापले जाते आणि आवाज फाटतो. आवाज का फाटला, हे विद्यार्थी बेरजेने सांगू शकतो.

आता दोष. पहिला म्हणजे छपाईच्या आज्ञांची गर्दी. 'प्रिंटके' चा साचा ठरलेला आहे. 'प्रिंटकेएस' ला साचा आपण द्यायचा, आणि नवी ओळ सांगायला विसरलो तर सगळे आकडे एकाच ओळीत धावतात. पाचव्या आवृत्तीत 'प्रिंटएफ' आले, त्याचे नियम आणखी वेगळे. नवशिक्याला यांतून निवड करणे कठीण जाते. दुसरा दोष, ध्वनीचे नमुने म्हणजे 'ए' राशी 'प्रिंटके' ने थेट छापता येत नाही. ती आधी 'के' मध्ये उतरवावी लागते. तिसरा दोष नव्या सोयीतून आला आहे. नंतरच्या आवृत्त्यांत 'झिरोडीबीएफएस' या ओळीने कमाल आयाम १ मानता येतो. कल्पना उत्तम आहे, पण १०,००० आयामाच्या जुन्या पाठावर ती ओळ चिकटवली, तर आवाज मर्यादेच्या ८० डेसिबल वर जातो आणि हेडफोन लावलेल्या मुलाच्या कानांवर सर्व शक्तीने आदळतो. जुना पाठ वापरताना ही ओळ आधी पाहावी आणि पहिल्यांदा आवाज अगदी लहान ठेवावा.

बटणे आणि सरकपट्ट्या दाखवणाऱ्या आकर्षक आज्ञावल्या आज भरपूर आहेत. त्यांत सूर लवकर निघतो, पण राशी कोणत्या क्षणाची आहे हा प्रश्न पडतच नाही. सीसाउंडमध्ये तो टाळता येत नाही, आणि तिच्या सर्व अडचणी धरूनही मी ती वर्गात वापरावी असे म्हणेन ते यासाठीच. प्रयोगवहीत आकडा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण एकक विचारतो. त्याबरोबरच, हा आकडा तू केव्हा आणि किती वेळाने पाहिलास, हेही विचारायला हवे.