'स्मृतिचित्रां'तील श्रद्धा

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा विषय निघाला की बोलणे हटकून विनोदावर येते. टिळकांचा विसराळूपणा, हातचा पैसा दुसऱ्याच्या पदरात टाकण्याची त्यांची खोड, त्यावरचा बाईंचा त्रागा, हे आठवून मंडळी पोटभर हसतात. आणि पुस्तकातील ख्रिस्ती श्रद्धा, परक्याच्या घरातील देवघराप्रमाणे, दुरूनच नमस्कार करून ओलांडतात. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच वाचीत आलो. ही रीत अपुरी आहे, असे आता आम्हांस वाटू लागले आहे.

पुस्तकाचा आरंभच मुळी सोवळ्याने होतो. १८५७ च्या उठावानंतर एका आप्तास फाशी झाली, त्या धक्क्याने बाईंचे वडील सोवळ्याच्या इतके आहारी गेले की मीठ-साखरही धुवून घेतल्यावाचून त्यांस चैन पडेना. बाईंनी हे हसत सांगितले आहे. पण त्या हसण्याखाली एका भेदरलेल्या घराचे चित्र आहे. जगाचा स्पर्श म्हणजेच संकट, ही शिकवण घेऊन ही मुलगी सासरी गेली.

पुढे १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला होता. (बदलीच्या निमित्ताने आमच्यापैकी कितीकांनी त्याच मार्गाने प्रवास केला असेल!) परंतु बाईंच्या लेखी ख्रिस्ती धर्म तेव्हा आशा नव्हता, ती आपत्तीच होती. नवरा जिवंत असून दुरावला, आणि लोकांच्या सांत्वनाने दुःख अधिकच उघडे पडले. ह्या प्रकरणांतील शोक बाईंनी मागाहून आलेल्या श्रद्धेने सारवून टाकला नाही, हा त्यांच्या प्रामाणिकपणाचा मोठाच पुरावा होय.

आणि म्हणूनच राहुरीचा प्रसंग इतका खरा वाटतो. पतीजवळ राहूनही आपले सोवळे निराळे राखणाऱ्या बाई स्वतःशीच विचार करितात, जात देवाने केली की माणसाने. आणि ती माणसाचीच, असे ठरताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास सिद्ध होतात. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. भीती त्याआधीच सुटली होती. नगरच्या प्लेगात रुग्णांमध्ये वावरणारी ही बाई मीठ धुणाऱ्या त्या वडिलांची मुलगी आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या पानांचे वजन कळते. ह्या पुस्तकात आशेवर प्रवचन नाही. ज्याला शिवू नये असे वाटे त्याच्या उशाशी बसता येणे, हीच येथील आशा.

टिळकांच्या अभंगांत ती उघड बोलते. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते म्हणत, आणि वारकरी वळण त्यांच्या वाणीस शोभतेही. तरी त्यांच्या पद्यात श्रद्धा सांगितली जाते, बाईंच्या गद्यात ती वागताना दिसते. आमचा कल दुसरीकडे आहे. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' बाईंनी पुढे नेले. त्यातील निष्ठा वादातीत असली तरी त्यात आमचे मन तितके रमले नाही.

कोणी म्हणेल, बाईंची विनोदबुद्धी उपजतच होती, तिचे श्रेय धर्मास का द्यावे? आम्ही ते देत नाही. दुःखात हसू त्यांस आधीही येई. फरक इतकाच की पूर्वी त्या उंबऱ्याच्या आतून हसत. राहुरीनंतर उंबऱ्याबाहेर उभ्या राहून हसतात. १९१९ साली टिळक गेल्यावर, पुढे मुलाबरोबर दूर कराचीस राहतानाही, त्या पुन्हा आत गेल्या नाहीत.