महाबळेश्वरचे चिनी कैदी

सातारा जिल्ह्याचें १८८५ सालचें सरकारी गॅझेटियर महाबळेश्वराचें वर्णन मोठ्या नेटकेपणानें करितें. तेथील तुरुंगांत चिनी व मलायी कैदी असत, कित्येक रस्ते त्यांच्याच श्रमानें झाले, १८६४ सालीं तुरुंग मोडला, इतकें त्यांतून कळतें. परंतु समुद्रापलीकडून आणून राबविण्याची ती शिक्षा कितपत न्याय्य, हा प्रश्न ग्रंथकारांस पडत नाहीं. हा या ग्रंथाचा मोठा दोष आम्हांस वाटतो. अवाजवी जामीन, जबर दंड व क्रूर शिक्षा याच इंग्रजांनीं १६८९ सालींच स्वदेशीं निषिद्ध ठरविल्या होत्या. आमच्या राज्यघटनेंत ते शब्द नाहींत; क्रूर शिक्षेविरुद्धचा आशय सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं सुनील बत्रा खटल्यांत एकविसाव्या अनुच्छेदांतून काढिला. यापुढें महाबळेश्वरावर लिहिणारांनीं रस्त्यांबरोबर ते बांधणारांची शिक्षाही तोलून पाहावी, असें आम्ही सुचवितों.