‘गरीब’ शब्दाचं माहेर

इथे नव्याने आलेल्या मराठी माणसाला हमखास ऐकवलं जातं, “अरबीची धास्ती नको, निम्मे शब्द आपलेच आहेत!” हिशेब, वकील, तारीख, अर्ज, बाकी. यादी खोटी नाही. पण त्याच यादीतला ‘गरीब’ वापरून एखाद्या अरबाला आपलं दारिद्र्य सांगू पाहाल, तर तो बुचकळ्यात पडेल. अरबीत ‘ग़रीब’ म्हणजे परका, अनोळखी, विचित्र. गरिबाला ते ‘फकीर’ म्हणतात. आणि आपला फकीर तर झोळी घेऊन दारोदार फिरणारा.

आपल्या कोशांविषयी माझी तक्रार इथेच आहे. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) अजून हाताशी ठेवावा असा आहे, यात शंका नाही. संस्कृत, अरबी, फार्सी अशा मूळ भाषेच्या खुणा तो शब्दांपुढे देतो. पण खूण म्हणजे जन्मगाव, प्रवास नव्हे. माधवराव पटवर्धनांनी (कवी माधव जूलियन) १९२५ साली आपल्या कोशाला ‘फार्सी-मराठी’ म्हटलं, ते मला अधिक नेमकं वाटतं. अरबी शब्द आपल्याकडे बहुतांशी गलबतांतून नव्हे, तर फार्सी दफ्तरांतून आले, आणि वाटेत पालटले.

‘ग़-र-ब’ या धातूत दूर जाणं, मावळणं आहे. त्यातूनच ‘ग़र्ब’ म्हणजे पश्चिम, आणि इथे रोज सूर्यास्ताला जिची बांग ऐकू येते ती ‘मग़रिब’ची नमाज. मोरोक्कोचं अरबी नावही ‘अल-मग़रिब’. जो दूर गेला तो ग़रीब. परमुलखात ना गोत, ना जामीन. अशा माणसाला फार्सीत ‘बिचारा’ आणि मग ‘निर्धन’ ठरायला कितीसा वेळ लागणार? दोन्ही अर्थ जोडणारा दुवा उर्दूने जपला आहे : तिथे ‘ग़ुरबत’ म्हणजे परदेशवास आणि दारिद्र्यही. तुर्कीत ‘गुरबेत’ म्हणजे परका मुलूखच राहिला.

मराठीने परकेपणा पार पुसला. उलट ‘गोरगरीब’ म्हटलं की आपलीच माणसं डोळ्यांपुढे येतात. आणि ‘गरीब गाय’ म्हणतो तेव्हा तर पैशाचाही संबंध नसतो. ती फक्त मारकी नसते. हा शेवटचा अर्थ आपल्याच अंगणात वाढलेला दिसतो. कोशात नुसतं ‘अरबी’ लिहून त्याचा हिशेब कसा लागावा?